घरचा अग्निशामक : निवड आणि निगा

घरात अग्निशामक कोणता घ्यावा, तो कोठे टांगावा आणि घेतल्यानंतर त्याची देखभाल कशी करावी, याविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. आपल्या भागात अग्निशमनाचे जे नियम लागू असतील, ते या उत्तरांपेक्षा वरचढ समजावेत.

प्रश्न : पावडरचा, कार्बन डायऑक्साइडचा, फोमचा, पाण्याचा असे अग्निशामकाचे अनेक प्रकार दिसतात. घरासाठी एकच घ्यायचा झाला, तर कोणता घ्यावा?

उत्तर : एकच घ्यायचा असेल, तर ‘एबीसी’ ड्राय पावडरचा घ्यावा. त्यामागचे कारण मात्र समजून घ्यावे, कारण पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यातच दडलेली आहेत.

आगीचे वर्ग काय जळते आहे त्यावरून ठरतात. लाकूड, कागद, कापड, गादी असे निखारा धरणारे घन पदार्थ ‘ए’ वर्गात येतात. पेट्रोल, रॉकेल, थिनर असे द्रव ‘बी’ वर्गात. ज्वलनशील वायू ‘सी’ वर्गात. मॅग्नेशियमसारखे धातू ‘डी’ वर्गात आणि कढईतले तापलेले खाद्यतेल ‘एफ’ वर्गात मोडते. अमेरिकेतील पद्धत थोडी निराळी आहे. तेथे ‘सी’ म्हणजे वीजप्रवाह चालू असलेल्या उपकरणाची आग आणि खाद्यतेलासाठी ‘के’ हे अक्षर वापरतात. त्यामुळे बाहेरच्या बनावटीचा अग्निशामक घेताना नुसत्या अक्षरावर न जाता लेबलावरची चित्रे आणि सूचनाही वाचाव्यात.

‘एबीसी’ पावडरमधील मुख्य द्रव्य मोनोअमोनियम फॉस्फेट हे असते. ज्वाळेत चालू असलेली रासायनिक साखळी ही पावडर तोडते आणि सुमारे १९० अंश सेल्सिअसला वितळून जळत्या पृष्ठभागावर काचेसारखा थर धरते, ज्यामुळे लाकूड-कापडाच्या निखाऱ्याला हवा मिळत नाही. ‘बीसी’ पावडरमध्ये सोडियम किंवा पोटॅशियम बायकार्बोनेट असते. ती द्रव आणि वायूच्या ज्वाळा विझवते, पण असा थर धरत नाही, म्हणून गादी किंवा पडदा पेटला असता तिचा फारसा भरवसा नाही. घरातल्या आगीत बहुधा कापड, लाकूड आणि वीज एकत्रच असतात, हे लक्षात घेतले म्हणजे ‘एबीसी’चे पारडे का जड होते ते कळते.

पावडरचे दोषही आहेत. ती थंडावा जवळजवळ देत नाही. ज्वाळा विझल्या तरी गादीच्या पोटात धुमसत राहिलेला विस्तव काही वेळाने पुन्हा पेट घेऊ शकतो, म्हणून ज्वाळा विझल्यावर, वीज बंद असल्याची खात्री करून, अशा वस्तूवर पाणी ओतावे आणि ती घराबाहेर काढता आल्यास काढावी. शिवाय बंद खोलीत पावडर सुटली की काही क्षणांत समोरचे दिसेनासे होते आणि ठसका लागतो. पाण्याचा अग्निशामक कापड-लाकडासाठी उत्तम, कारण तो जळती वस्तू खरोखर थंड करतो. पण तेलावर आणि विजेवर तो घातक ठरतो. फोम ‘ए’ आणि ‘बी’ वर्गांसाठी चांगला आहे, परंतु घरात पेट्रोल किंवा थिनरचा मोठा साठा मुळात असूच नये, त्यामुळे घरासाठी त्याची गरज क्वचितच पडते.

प्रश्न : एक किलो, दोन किलो, चार किलो, सहा किलो यांतील कोणत्या वजनाचा घ्यावा? लेबलावर ‘१३ ए ८९ बी’ असे काही छापलेले असते, त्याचा अर्थ काय?

उत्तर : वजन निवडताना आपण प्रत्यक्षात सेकंद निवडत असतो, असे मी म्हणेन. एक किलोचा पावडर अग्निशामक साधारण सहा ते आठ सेकंदांत रिकामा होतो, दोन किलोचा आठ ते दहा सेकंदांत. ज्याने तो पूर्वी कधीच चालवलेला नाही, त्याचे पहिले दोन-तीन सेकंद नेम धरण्यातच जातात. म्हणून एक किलोचा अग्निशामक मला घरासाठी अपुरा वाटतो. तो मोटारीसाठी ठीक आहे. उलट सहा किलोचा अग्निशामक सिलिंडरसह नऊ-दहा किलोंचा भरतो आणि घाबरलेल्या माणसाला तो खुंटीवरून उतरवून दोन खोल्या पार करणे सोपे नसते. घरातील सर्वांत अशक्त प्रौढ व्यक्तीला जो एका हाताने उचलता येईल आणि दोन्ही हातांनी स्थिर धरता येईल, त्यातला सर्वांत मोठा घ्यावा. बहुतेक घरांत हे उत्तर दोन किंवा चार किलोंवर येऊन थांबते.

लेबलावरचे आकडे वजनापेक्षा अधिक बोलके असतात. युरोपीय चाचणीपद्धतीत ‘ए’पूर्वीचा आकडा लाकडी पट्ट्यांच्या रचलेल्या ढिगाची लांबी दाखवतो. ‘१३ ए’ म्हणजे १.३ मीटर लांबीचा असा पेटलेला ढीग त्या अग्निशामकाने चाचणीत विझवला. ‘बी’पूर्वीचा आकडा लिटरमध्ये असतो आणि चाचणीच्या तबकातील द्रवाचे प्रमाण दाखवतो, त्या द्रवात एक भाग पाणी आणि दोन भाग इंधन असते. अमेरिकी पद्धतीत आकडे लहान असतात, उदाहरणार्थ ‘२ ए १० बी सी’, आणि दोन्ही पद्धतींतील आकड्यांची परस्पर तुलना करता येत नाही. सारख्या वजनाच्या दोन अग्निशामकांपैकी एकाचा आकडा मोठा असेल, तर त्यात बहुधा पावडर चांगल्या प्रतीची असते. मात्र या चाचण्या सराव असलेली माणसे मोकळ्या जागी किंवा चाचणीगृहात करतात; धुराने भरलेल्या खोलीत आपल्या हातून तेवढे काम होईल, असे गृहीत धरू नये.

घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. झडप आणि मूठ धातूची असावी. २०१७ साली अमेरिका आणि कॅनडात प्लॅस्टिकच्या मुठीचे सुमारे चार कोटी अग्निशामक उत्पादकाला परत मागवावे लागले, कारण ते ऐन वेळी तुंबण्याची किंवा दाबताना फार जोर लागण्याची शक्यता आढळली होती. धातूच्या झडपेचा अग्निशामक पुन्हा भरूनही घेता येतो. स्वस्त, एकदाच वापरायच्या प्रकारात ती सोय नसते.

प्रश्न : आमच्या घरात आगीची भीती असेल तर ती स्वयंपाकघरातच आहे. अग्निशामक ओट्याजवळच टांगणे योग्य ठरेल ना? कढईतले तेल पेटले तर पावडर चालेल का?

उत्तर : ओट्याजवळ टांगू नये. आग ओट्यावर लागली, तर अग्निशामकापर्यंत पोहोचण्यासाठी आपल्याला ज्वाळेवरून हात घालावा लागेल. तो स्वयंपाकघराच्या दाराशी, शक्यतो दाराच्या बाहेरच्या बाजूला असावा, म्हणजे तो हातात घेऊन आपण आगीकडे वळतो तेव्हा बाहेर पडण्याची वाट आपल्या पाठीशी मोकळी राहते. भिंतीवर टांगताना त्याचा वरचा भाग जमिनीपासून दीड मीटरच्या आत असावा आणि तळ जमिनीला टेकू नये. कपाटात, दारामागे किंवा पडद्याआड ठेवलेला अग्निशामक ऐन वेळी आठवत नाही. घर दुमजली असेल, तर प्रत्येक मजल्यावर एक हवा आणि तो जिन्याजवळ हवा.

आता तेलाविषयी. खाद्यतेल साधारण ३५० अंशांच्या आसपास तापले की ठिणगीशिवाय आपोआप पेट घेते. अशा तेलात पाणी पडले, तर ते तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी जाते, क्षणार्धात वाफ होऊन सुमारे १७०० पट फुगते आणि जळते तेल छतापर्यंत उडवते. स्वयंपाकघरातील गंभीर भाजण्यामागे हे एक नेहमीचे कारण आहे. कढई उचलून मोरीकडे किंवा दाराबाहेर नेण्याचा मोहही तितकाच घातक आहे, कारण चालताना तेल हिंदकळते, ज्वाळा मागे अंगाकडे येते आणि हात सुटतो.

करायचे ते एवढेच : हात पोहोचत असेल तर शेगडी बंद करावी, बाजूने सरकवत घट्ट बसणारे झाकण किंवा मोठे ताट कढईवर ठेवावे आणि तेल पूर्ण गार होईपर्यंत ते उचलू नये. ज्वाळा विझल्या का हे पाहण्यासाठी दोन मिनिटांत झाकण उघडणारे पुष्कळ असतात. तेल अजून तितकेच तापलेले असते आणि हवा मिळताच ते पुन्हा भडकते. झाकणाऐवजी अग्निरोधक ब्लँकेट वापरता येते. त्याच्या कडेत दोन्ही हातांचे पंजे गुंडाळून घ्यावेत आणि ते आपल्याकडून पलीकडे अलगद पसरावे, फेकू नये.

पावडरने कढईतल्या ज्वाळा विझतात, पण दोन अडचणी आहेत. जवळून मारलेला फवारा तेल उडवतो आणि तेल गार होत नसल्यामुळे आग पुन्हा पेटू शकते. म्हणून कढईवर पावडर मारण्याची वेळ आलीच, तर दोन-अडीच मीटर अंतरावरून मारावी आणि शेगडी बंद करण्यास विसरू नये. आग कढईपुरती न राहता कपाटांना लागली असेल, तेव्हा पावडर खरी उपयोगी पडते.

तळणाचे काम ज्या घरात रोजचे आहे, त्यांनी वेट केमिकल प्रकारचा लहान अग्निशामक घेण्याचा विचार अवश्य करावा. त्यात पोटॅशियम ॲसिटेट, सायट्रेट किंवा कार्बोनेट यांसारख्या क्षारांचे द्रावण असते. ते तापलेल्या तेलावर पडले की तेलाचा वरचा थर साबणासारखा फेसाळतो, हवा तोडतो आणि तेल थंडही करतो. गंमत अशी की, इंग्लंडच्या जॉर्ज मॅन्बी या सेनाधिकाऱ्याने १८१८ च्या सुमारास तयार केलेल्या अग्निशामकाच्या तांब्याच्या भांड्यातही पोटॅशियम कार्बोनेटचेच द्रावण, दाबाखालील हवेच्या जोरावर सुटेल असे भरलेले होते. दोनशे वर्षांनंतर ते द्रव्य स्वयंपाकघरापुरते परत आले आहे.

गॅसच्या गळतीला लागलेली ज्वाळा हा वेगळा विषय आहे. तेथे प्रथम पुरवठा बंद करायचा असतो. तो बंद करता येत नसेल, तर ज्वाळा विझवू नये, कारण विझलेल्या गळतीतून गॅस खोलीत साठत राहतो आणि पुढच्या ठिणगीला स्फोट होतो. घर रिकामे करून अग्निशमन दलाला बोलवावे.

प्रश्न : आमचा अग्निशामक सात वर्षांपूर्वीचा आहे. काटा अजून हिरव्या पट्ट्यात आहे. तरी तपासणारा माणूस दरवर्षी रिफिल करायला सांगतो. ते आवश्यक आहे का?

उत्तर : काटा हिरव्यात असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. दाबमापी फक्त दाब सांगतो. आत पावडर किती आहे, ती सुटी आहे की तिचे ढेकूळ झाले आहे, नळी मोकळी आहे की तुंबलेली, हे त्याला कळत नाही. शिवाय तो स्वतः अडकूनही बसू शकतो.

महिन्यातून एकदा अग्निशामक खुंटीवरून उतरवावा. दर महिन्याला तो हातात घेणे, हीच निम्मी देखभाल आहे. काटा पाहावा आणि काचेवर बोटाने हलके टिचकी मारून तो जागचा हलत नाही ना हे पाहावे. पिन सरळ आहे का आणि तिच्याभोवतीचे प्लॅस्टिकचे सील शाबूत आहे का, हे तपासावे. सील तुटलेले असेल, तर कोणीतरी मूठ दाबून पाहिली असण्याची शक्यता धरून चालावे. नोझलच्या तोंडात टॉर्चने डोकावावे. महिनोन्‌महिने न हललेल्या नळीच्या तोंडाशी कुंभारमाशी मातीचे घर करते किंवा कोळी जाळे विणतो, आणि हे बाहेरून जाता-येता दिसत नाही. रबरी नळी वाकवून भेगा पाहाव्यात. शेवटी अग्निशामक आडवा धरून तळ पाहावा. फरशी पुसताना पाणी लागते ते तळाच्या कडेला, आणि गंज तेथेच आधी धरतो. रंगाला फुगवटा आला असेल, तर रंगाखाली गंज आहे असे समजून तो तज्ज्ञाला दाखवावा. गंजलेल्या किंवा पोचा आलेल्या सिलिंडरला घरी रंग मारून तो परत टांगणे धोक्याचे आहे, कारण आत सुमारे १५ बार म्हणजे वातावरणाच्या पंधरापट दाब असतो.

पावडर बसू नये म्हणून अग्निशामक दर महिन्याला उलटा करून हलवावा का, असेही अनेकांनी विचारले आहे. सध्याच्या पावडरीवर ओलावा धरू नये यासाठी सिलिकोनची प्रक्रिया केलेली असते आणि भिंतीवर शांत टांगलेल्या अग्निशामकात ती सहसा घट्ट बसत नाही. उलटा करून दोन-चार वेळा हलवल्याने नुकसान काही नाही. उत्पादकाने लेबलावर तसे सांगितले असेल, तर ते करावेच. मोटारीतल्या अग्निशामकाची गोष्ट वेगळी आहे. सततच्या हादऱ्यांनी त्यातली पावडर दाबून बसते, म्हणून तो हलवावा, आणि उन्हात उभ्या राहणाऱ्या मोटारीत लेबलावरील तापमानमर्यादा ओलांडली जात नाही ना, हेही पाहावे.

वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी हवी. तपासणी आणि रिफिल मात्र एक नव्हे. दाब टिकून आहे, वजन लेबलाप्रमाणे भरते आहे आणि पावडर सुटी आहे, तर केवळ वर्ष उलटले म्हणून ती काढून टाकण्यास तांत्रिक कारण नाही. किती वर्षांनी आतून पाहणी करायची, किती वर्षांनी सिलिंडरची पाण्याच्या दाबाखाली चाचणी घ्यायची आणि कोणत्या वयाला तो बाद करायचा, हे देशोदेशी वेगळे ठरलेले आहे. उदाहरणार्थ, अमेरिकेत दाबाखाली भरलेल्या पावडर अग्निशामकाची आतून पाहणी दर सहा वर्षांनी आणि दाबचाचणी दर बारा वर्षांनी होते, तर ब्रिटनमध्ये पावडर दर पाच वर्षांनी बदलतात. सात वर्षांत आपला अग्निशामक एकदाही उघडला गेलेला नसेल, तर आता तो उघडून पाहणे रास्तच आहे.

रिफिल करून घ्यायचेच असेल, तर ते डोळ्यांसमोर करून घ्यावे. रिकाम्या आणि भरलेल्या सिलिंडरचे वजन काट्यावर दाखवायला सांगावे. झडपेचे रबरी वायसर नवीन घातले का, दाबासाठी कोरडा नायट्रोजन वापरला की कॉम्प्रेसरची दमट हवा, हे विचारावे. दमट हवेने पावडरचे ढेकूळ होते. आणि कोणती पावडर भरली, हे अवश्य विचारावे. ‘एबीसी’ पावडर आम्लधर्मी असते व ‘बीसी’ अल्कधर्मी. एकाच्या उरलेल्या अंशावर दुसरी भरली, तर दोन्हींची अभिक्रिया होऊन आत वायू तयार होतो, पावडर गोठते आणि दाबही वाढू शकतो. तारखेची चिठ्ठी चिकटवून जाणारा माणूस पाच मिनिटांत चार अग्निशामक ‘तपासून’ जात असेल, तर त्याने तपासले काहीच नाही असे समजावे.

प्रश्न : माझ्या नातवाने खेळताना पिन काढून क्षणभर मूठ दाबली. थोडीच पावडर बाहेर आली आणि काटाही हिरव्यातच आहे. तसाच ठेवला तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. मूठ सोडल्यावर झडप बंद होते खरी, पण तिच्या बैठकीत पावडरचे कण अडकून राहतात आणि त्या फटीतून दाब काही तासांत किंवा काही दिवसांत निघून जातो. आज हिरव्यात दिसणारा काटा पुढच्या आठवड्यात शून्यावर असू शकतो. एकदा दाबलेला अग्निशामक, कितीही थोडा दाबलेला असला, तरी रिफिलला पाठवावा. ‘चालतो की नाही’ हे पाहण्यासाठी घरी मूठ दाबून बघणेही याच कारणाने चुकीचे आहे.

प्रश्न : घरून काम करत असल्यामुळे संगणक आणि इतर उपकरणे बरीच आहेत. पावडरने ती खराब होतात असे ऐकले. मग कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक घेणे बरे नाही का?

उत्तर : खराब होतात हे खरे आहे. मोनोअमोनियम फॉस्फेटची पावडर हवेतला ओलावा धरून धातूला, विशेषतः ॲल्युमिनियमला आणि तांब्याच्या जोडांना, गंजवते. पावडर सुटल्यावर उपकरणे लगेच बंद करावीत, मास्क लावून व्हॅक्यूम क्लीनरने किंवा कोरड्या ब्रशने ती काढावी आणि नंतरच ओले फडके फिरवावे. आधीच ओले फडके फिरवले, तर चिकट थर तयार होऊन तो फटींत शिरतो.

कार्बन डायऑक्साइड मागे काहीच ठेवत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. परंतु त्याचा पल्ला एक-दोन मीटरच असतो, कापडाचा निखारा तो विझवत नाही, आणि लहान बंद खोलीत तो सोडला तर श्वासाची हवाच कमी होते. सुटताना वायू उणे ७८ अंशांपर्यंत थंड होतो, म्हणून त्याच्या भोंग्याला उघड्या हाताने धरू नये, त्वचा जळते. त्याला दाबमापी नसतो. आतला वायू द्रवरूपात असल्याने बराच वायू गळून गेला तरी दाब तोच राहतो, त्यामुळे तो वजनावरूनच तपासतात आणि भरलेल्या वायूच्या वजनात दहा टक्के घट झाली की भरून घेतात. माझ्या मते तो पावडरच्या जोडीला दुसरा म्हणून उत्तम आहे, एकमेव म्हणून नव्हे. आणि संगणकाच्या आगीत दोन्हींच्या आधी करायचे काम म्हणजे मुख्य बटण बंद करणे. वीज तोडली की अशी आग पुष्कळदा तेथेच बसते.

प्रश्न : दिवसभर घरी माझ्या सासूबाई एकट्या असतात. त्यांचे वय सत्तरच्या पुढे आहे. त्यांना अग्निशामक चालवायला शिकवावे, की आगीपासून दूरच राहायला सांगावे?

उत्तर : दोन्ही शिकवावे, पण दुसरे आधी. आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल, आपली बाहेरची वाट मोकळी असेल आणि धूर अजून डोक्याच्या वरच असेल, तरच अग्निशामक उचलायचा. यांतली एकही अट पुरी होत नसेल, तर खोलीचे दार ओढून घ्यायचे आणि घराबाहेर पडून मदत बोलवायची. ओढून घेतलेले दार आगीला हवा कमी मिळू देते आणि धूर थोपवते, हे काम सत्तरीतही जमते. एक अग्निशामक रिकामा होऊनही आग राहिली, तर दुसरा शोधत थांबायचे नाही.

चालवण्याची रीत अवघड नाही, पण पहिल्याच पायरीवर अनेकांचा गोंधळ होतो. घाबरून माणूस मूठ घट्ट आवळून पिन ओढतो, आणि मूठ आवळली की पिन जागीच दाबली जाते व निघत नाही. म्हणून अग्निशामक जमिनीवर उभा ठेवावा, मुठीवरचा हात काढावा, पिन किंचित पिळून सील तोडावे आणि मग ती ओढावी. त्यानंतर दोन-अडीच मीटरवर उभे राहून नोझल ज्वाळांच्या शेंड्याकडे न धरता बुडाशी धरायचे, मूठ दाबायची आणि फवारा डावी-उजवीकडे फिरवत पुढे सरकायचे. आग विझल्यासारखी वाटली तरी तिच्याकडे पाठ न करता मागे यायचे.

हे सगळे मूठ न दाबता, पिनही न काढता, रिकाम्या खोलीत करून पाहता येते. सासूबाईंना तो खुंटीवरून उतरवता येतो का, हे त्या सरावातच कळेल. उतरवता येत नसेल, तर खुंटी खाली घ्यावी किंवा अग्निशामक हलका घ्यावा.

प्रश्न : बॅटरीवर चालणारी स्कूटर घरात चार्ज करतो. तिच्यासाठी कोणता अग्निशामक योग्य?

उत्तर : घरगुती अग्निशामकांपैकी एकही भरवशाचा नाही, हे स्पष्टच सांगावे लागेल. लिथियम-आयन बॅटरीचा एक कोष बिघडून तापला, की त्याची उष्णता शेजारच्या कोषाला पेटवते आणि ही मालिका आतल्या आत चालू राहते. पावडर किंवा कार्बन डायऑक्साइड वरच्या ज्वाळा विझवतात, पण कोष थंड करत नाहीत, त्यामुळे आग पुन्हा पेटते. तिला थंडावा लागतो आणि तोही भरपूर पाण्याचा, जे काम अग्निशमन दलाचे आहे. शिवाय त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. बॅटरीतून फुसफुस आवाज येऊ लागला, ती फुगली किंवा धूर निघू लागला, तर विझवण्याच्या फंदात न पडता दार ओढून सर्वांनी बाहेर पडावे.

म्हणून येथे अग्निशामकापेक्षा जागा महत्त्वाची आहे. स्कूटर किंवा तिची बॅटरी घराबाहेर पडण्याच्या वाटेवर, जिन्याखाली किंवा दाराशी कधीही चार्ज करू नये. बॅटरीसोबत आलेलाच चार्जर वापरावा आणि सगळे झोपलेले असताना चार्जिंग चालू ठेवू नये.

प्रश्न : आगीत फेकला की आपोआप फुटणारा पावडरचा गोळा मिळतो. पिन, मूठ, नेम यांची कटकट नाही. तो अग्निशामकाऐवजी ठेवावा का?

उत्तर : ऐवजी नव्हे. गोळा ज्वाळेत पडला पाहिजे, तेथेच राहिला पाहिजे आणि काही सेकंद तापला पाहिजे, तेव्हा तो फुटतो. कपाटाच्या दारावर किंवा पडद्यावर चढलेल्या आगीत तो घरंगळून बाजूला जातो, आणि एकदा फुटला की उरलेल्या आगीसाठी हातात काही राहत नाही. वीजमीटरच्या बंद पेटीच्या वर कायमचा बसवायला तो बरा आहे.

प्रश्न : जुना, मुदत संपलेला अग्निशामक भंगारात द्यावा का?

उत्तर : दाब असलेला सिलिंडर भंगारात देऊ नये, कारण कापताना किंवा चेपताना तो फुटू शकतो. विकणाऱ्याकडे किंवा रिफिल करणाऱ्याकडे तो परत द्यावा. तेथे दाब काढून, झडप सोडवून त्याची विल्हेवाट लावतात. फार जुन्या अग्निशामकावर हॅलॉन असे लिहिलेले आढळले, तर तो घरी रिकामा करू नये. हा वायू आग उत्तम विझवतो, पण ओझोनच्या थराला मारक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्याचे उत्पादन थांबवण्यात आले. तो वातावरणात न सोडता गोळा करून घेण्याची सोय कोठे आहे, याची चौकशी अग्निशमन दलाकडे करावी. मुदत संपलेला परंतु दाब टिकून असलेला पावडरचा अग्निशामक असेल, तर तो परत देण्यापूर्वी जाणकाराच्या देखरेखीखाली मोकळ्या जागी, वारा पाठीशी घेऊन, घरातील प्रत्येकाने एकेक-दोन सेकंद चालवून पाहावा.